नळी, दिवा आणि तबक : अफूच्या चिनी साधनांचा संग्रह आणि वऱ्हाडातील वाचक

गोषवारा

अफू ओढण्यासाठी चीनमध्ये घडविलेल्या नळ्या, दिवे, मातीच्या वाट्या आणि तबके आज जगभरच्या संग्राहकांची मौल्यवान वस्तू बनली आहेत. स्टीव्हन मार्टिन यांच्या दोन पुस्तकांच्या आधारे प्रस्तुत लेखात या संग्रहामागील दृष्टीची समीक्षा केली आहे. संग्राहक वस्तूच्या उगमाविषयी अत्यंत काटेकोर असतो. परंतु वस्तूत जे जळले त्या मालाच्या उगमाविषयी तो तितका काटेकोर राहत नाही, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे. माळव्यातील शेत आणि मुंबईची पेठ लक्षात घेतल्याशिवाय या वस्तूंचे वाचन पूर्ण होत नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाशी तुलना करून वऱ्हाडातील महाविद्यालयांनी व्यसनाच्या साधनांकडे कसे पाहावे, याचाही विचार येथे केला आहे.

१. प्रस्तावना

स्टीव्हन मार्टिन या अमेरिकी लेखकाचे ‘द आर्ट ऑफ ओपियम अँटिक्स’ हे पुस्तक २००७ साली प्रकाशित झाले. अफू ओढण्याच्या जुन्या साधनांची संग्राहकाच्या दृष्टीने सविस्तर ओळख करून देणारा हा सचित्र ग्रंथ आहे. पाच वर्षांनी, २०१२ साली, त्यांचेच ‘ओपियम फीन्ड’ हे आत्मकथन आले. पहिल्या पुस्तकात वस्तूंचे सौंदर्य आहे, तर दुसऱ्यात त्या वस्तू जमविता जमविता लेखक स्वतः अफूच्या आहारी कसा गेला, याची कबुली आहे. एकाच माणसाने एकाच विषयावर लिहिलेली ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचली असता संग्रह या कृतीविषयी काही मूलभूत प्रश्न उभे राहतात.

हे प्रश्न अमरावती-अकोल्याच्या वाचकाला दूरचे वाटण्याचा संभव आहे. चिनी अफूची नळी वऱ्हाडात कोणी जमवीत असेल, अशी कल्पनाही सहसा केली जाणार नाही. तथापि ज्या झाडाच्या बोंडातून अफू निघते त्याच झाडाचे बी, म्हणजे खसखस, वऱ्हाडी रश्श्याच्या वाटणात नित्य पडते. आणि चीनमध्ये पोहोचलेल्या अफूचा मोठा भाग मराठी राज्यकर्त्यांच्या मुलखातून व मुंबई बंदरातून गेला होता. म्हणूनच या पुस्तकांचा एक वाचक असा आहे की, जो नळीच्या दुसऱ्या टोकाला उभा आहे. त्या वाचकाच्या भूमिकेतून ही पुस्तके तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. साधनांची ओळख आणि संग्राहकाचे श्रेय

समीक्षेचा आरंभ श्रेय देण्यापासून व्हावयास हवा. चिनी पद्धतीने अफू ओढणे ही एक तंत्रशुद्ध क्रिया होती आणि तिचे तंत्र समजावून सांगणे, हे मार्टिन यांच्या लेखनाचे पहिले बळ आहे. या पद्धतीत तंबाखूप्रमाणे अफू पेटविली जात नाही. तिची छोटी गोळी सळईच्या टोकावर दिव्याच्या उष्णतेने शेकून मऊ केली जाते आणि नळीवरील मातीच्या वाटीच्या बारीक छिद्रावर बसविली जाते. मग नळी दिव्यावर धरली की गोळीची वाफ होते व ती वाफ ओढली जाते. दिव्याची ज्योत मंद आणि स्थिर राहणे आवश्यक असते. त्यासाठी वनस्पतिज तेल आणि ज्योतीची उष्णता वरच्या तोंडाशी एकवटणारी घुमटाकार काच वापरली जाई. गोळी भाजण्यास वेळ लागतो आणि नळी दिव्यावर तोलून धरावी लागते. म्हणून ही क्रिया कुशीवर निजून करावयाची असे. निजलेल्या माणसाच्या हाताशी सर्व साधने असावीत म्हणून तबक आले. तबकावर सळया, खरवडणी, वाटीत उरलेला अवशेष ठेवण्याची डबी, अफूची डबी, लहान तराजू अशा वस्तूंची मांडणी आली.

प्रत्येक वस्तूचा आकार असा तिच्या कामातून निघालेला आहे. नळी बहुधा बांबूची असे. श्रीमंताघरी ती हस्तिदंताची किंवा इतर मौल्यवान द्रव्यांचीही असे. नळीवर वाटी बसविण्यासाठी धातूची नक्षीदार बैठक असे. वाट्यांसाठी यिशिंग येथील प्रसिद्ध मातीही वापरली गेली; ज्या गावच्या चहादाण्यांचे कौतुक होते त्याच गावच्या मातीला अफूच्या वाटीचाही आकार मिळाला. एवढी कारागिरी ज्या वस्तूंवर झाली त्या आज इतक्या दुर्मिळ का, याचे कारणही त्यांच्या इतिहासातच आहे. १८३९ साली लिन झेशू या चिनी अधिकाऱ्याने हूमेन येथे अफूच्या वीस हजारांहून अधिक पेट्या नष्ट केल्या आणि नळ्याही मोठ्या प्रमाणावर जप्त केल्या. १९०६ नंतरच्या बंदीच्या काळात आणि पुन्हा १९४९ नंतरच्या मोहिमांत ही साधने जाहीरपणे जाळली गेली. थायलंडमध्ये १९५९ साली बंदी आली, तेव्हा बँकॉकमध्ये नळ्यांची होळी झाली. जे राज्यसंस्थेने वारंवार जाळले त्यातील उरलेसुरले संग्राहकाने वाचविले. मार्टिन यांनी पुढे आपला संग्रह अमेरिकेतील आयडाहो विद्यापीठाकडे सोपविला, हेही नोंदविले पाहिजे. खासगी हौसेचा शेवट सार्वजनिक अभ्यासात व्हावा, ही संग्राहकाच्या जीवनाची चांगली परिणती होय.

३. संग्राहकाची दृष्टी : बळ आणि मर्यादा

मानववंशशास्त्रज्ञ इगोर कोपिटॉफ यांनी १९८६ साली वस्तूच्या चरित्राची कल्पना मांडली. माणसाप्रमाणे वस्तूलाही चरित्र असते. ती कधी विक्रीचा माल असते, कधी खासगी ठेव असते, तर कधी बाजारातून कायमची बाहेर काढलेली पवित्र वा दुर्मिळ चीज असते. या कल्पनेच्या आधारे पाहिले असता अफूच्या नळीच्या चरित्रात तीन अवस्था स्पष्ट दिसतात. प्रथम ती प्रतिष्ठेची वस्तू होती, नंतर गुन्ह्याचा पुरावा झाली आणि शेवटी पुराणवस्तू झाली. संग्राहकाचा प्रवेश तिसऱ्या अवस्थेत होतो. त्याला पहिल्या अवस्थेचे आकर्षण असते आणि दुसऱ्या अवस्थेमुळे वस्तू दुर्मिळ झाल्याने तिची किंमत वाढलेली असते.

या तिसऱ्या अवस्थेत वस्तू सुंदर होण्यासाठी एक अट असते. ती वापरातून बाहेर पडलेली असली पाहिजे. विझलेला दिवा आणि रिकामी वाटी पाहतानाच त्यांच्या नक्षीकडे लक्ष जाऊ शकते. मार्टिन यांचे पहिले पुस्तक या अंतराच्या आधारावर उभे आहे. दुसरे पुस्तक मात्र ते अंतर कसे नाहीसे झाले, हे सांगते. साधने कशी चालत असत, हे जाणून घेण्याची संग्राहकाची जिज्ञासा त्याला प्रत्यक्ष अफूपर्यंत नेते. अखेरीस थायलंडमधील वाट थाम क्राबोक या मठात त्याला व्यसनमुक्तीसाठी जावे लागते. विझलेला दिवा पुन्हा पेटतो आणि संग्राहक स्वतःच त्या तबकाशेजारी निजलेला आढळतो.

या दृष्टीने दुसरे पुस्तक हे पहिल्या पुस्तकाचेच समीक्षण आहे, असे म्हणता येईल. वस्तू आणि तिचा उपयोग यांची फारकत करता येते, हा संग्राहकाचा विश्वास तेथे खोटा ठरतो. ही कबुली प्रामाणिक आहे आणि तिचे साहित्यिक मूल्य मोठे आहे. परंतु येथेच एक मर्यादाही दिसते. पहिल्या पुस्तकातून जे दोन घटक सुटले होते, त्यांपैकी एकच दुसऱ्या पुस्तकात परत येतो. तो घटक म्हणजे ओढणारा माणूस. दुसरा घटक, म्हणजे अफू पिकविणारा, तोलणारा आणि जहाजावर चढविणारा माणूस, दोन्ही पुस्तकांच्या कक्षेबाहेर राहतो.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, संग्राहकाच्या मार्गदर्शिकेकडून अर्थशास्त्राची अपेक्षा करणे योग्य नाही. हा आक्षेप वरवर रास्त आहे. पण त्याचे उत्तर संग्राहकाच्याच निकषात आहे. खरा संग्राहक उगमाविषयी सर्वांत जास्त आग्रही असतो. वाटी कोणत्या मातीची, शिक्का कोणत्या कारखान्याचा, बैठक मूळची की नंतर जोडलेली, नक्कल कशी ओळखावी, हे प्रश्न त्याच्या विद्येचा गाभा असतात. ज्या वाटीच्या मातीचा उगम विचारला जातो, त्या वाटीतील अफूचा उगम का विचारू नये? ही मागणी संग्राहकाच्या शास्त्राबाहेरची नाही. त्याचाच निकष एक पाऊल पुढे नेणे, एवढाच तिचा अर्थ आहे.

४. तबकाचे दुसरे टोक : माळवा आणि मुंबई

हे पाऊल पुढे टाकले की चिनी तबकावरून दृष्टी थेट मध्य भारताकडे वळते. एकोणिसाव्या शतकात चीनला जाणारी भारतीय अफू दोन प्रकारची होती. बंगाल-बिहारकडील अफूवर ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी होती. माळव्याची अफू मात्र प्रामुख्याने शिंदे, होळकर आणि इतर संस्थानिकांच्या मुलखात पिकत असे आणि ती कंपनीच्या मक्तेदारीबाहेर होती. ती रोखण्याचे कंपनीचे प्रयत्न फसले. सावकार व व्यापारी सिंधच्या वाटेने दमण बंदरातून माल बाहेर काढीत राहिले. अखेर १८३१ पासून परवाना-शुल्क घेऊन तो मुंबईमार्गे जाऊ देण्याचे धोरण कंपनीने स्वीकारले. १८४३ साली सिंध इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर पर्यायी वाटही बंद झाली. अमर फारूकी यांनी ‘स्मगलिंग अ‍ॅज सबव्हर्शन’ (१९९८) आणि ‘ओपियम सिटी’ (२००६) या ग्रंथांत हा इतिहास तपशिलाने मांडला आहे. माळव्याच्या अफूतून पश्चिम भारतातील व्यापाऱ्यांच्या हाती भांडवल साठले आणि वसाहतकालीन मुंबईच्या उभारणीत त्या भांडवलाचा वाटा मोठा होता, हा त्यांच्या विवेचनाचा मथितार्थ आहे.

या व्यापारातील सर्वांत प्रसिद्ध नाव सर जमशेटजी जीजीभाई (१७८३–१८५९) यांचे. चीनशी कापूस आणि अफू यांचा व्यापार करून त्यांनी संपत्ती मिळविली आणि तिचा मोठा भाग दानधर्मात खर्च केला. मुंबईतील त्यांच्या नावाचे रुग्णालय आणि १८५७ साली सुरू झालेली कलाशाळा या दानातून उभी राहिली. महाराष्ट्रातील चित्रकारांच्या अनेक पिढ्या या कलाशाळेत घडल्या. म्हणजे वस्तूकडे रसिकतेने पाहण्याचे जे शिक्षण मराठी समाजाला मिळाले, त्याच्या पायातही या व्यापाराचा पैसा आहे. जमशेटजींच्या दानाचे मोल यामुळे कमी होत नाही. मात्र सौंदर्यदृष्टी आणि भांडवल ही दोन वेगळी दालने आहेत असे समजून अफूच्या कलावस्तूंचा विचार करणे, निदान महाराष्ट्रात तरी, कठीण होते.

चीनहून परतणाऱ्या जहाजांतून ज्या वस्तू आल्या, त्यांचे येथे कौतुक झाले. पारशी घराण्यांतील भरतकामाचे गारे, चिनी मातीची भांडी, रेशीम यांचा इतिहास आवडीने सांगितला जातो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतून आलेल्या चिनी वस्तू आहेत. त्यांत तपकिरीच्या सुबक बाटल्याही आहेत. तपकीर हेही व्यसनच. पण काच, दगड आणि चिनी माती यांवरील सूक्ष्म कारागिरीमुळे तिची बाटली संग्रहालयात सन्मानाने बसली. आलेल्या वस्तू दिसतात. गेलेला माल दिसत नाही, कारण तो धूर होऊन गेला. संग्रहालयाच्या स्वरूपातच ही एकांगी बाजू आहे आणि ती भरून काढण्याचे काम लेखनाला करावे लागते.

कादंबरीने हे काम काही प्रमाणात केले आहे. अमिताव घोष यांच्या ‘रिव्हर ऑफ स्मोक’ (२०११) या कादंबरीतील मुंबईचा पारशी व्यापारी बहराम मोदी कँटनमध्ये आपल्या अफूच्या मालासह अडकतो. ‘सी ऑफ पॉपीज’ (२००८) या आधीच्या भागात अफूचे शेत आणि गाझीपूरचा कारखाना येतो. मार्टिन जेथे थांबतात तेथून घोष यांच्या कादंबऱ्या सुरू होतात, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. दोघांचे वाचन एकत्र केल्याशिवाय नळीचे पूर्ण चरित्र हाती येत नाही.

५. भारतीय साधने का जपली गेली नाहीत?

येथे एक स्वाभाविक प्रश्न निर्माण होतो. अफू जर भारतात पिकत होती, तर तिच्या भारतीय साधनांचा असा संग्रह का झाला नाही? याचे पहिले उत्तर सेवनाच्या पद्धतीत आहे. भारतात अफू मुख्यतः खाल्ली जाई किंवा पाण्यात कालवून प्याली जाई. खाण्यासाठी एक लहान डबी पुरेशी होती. राजस्थान-काठेवाडकडे कसुंब्याच्या सामुदायिक रिवाजामुळे काही खास भांडी निर्माण झाली, परंतु चिनी तबकासारखी विस्तृत साधनसामग्री त्यातून उभी राहिली नाही. मदक आणि चंडू, म्हणजे मराठीत ज्याला चंडोल म्हणत, यांच्या रूपाने अफू ओढलीही जाई. पण भारतात ही पद्धत हलकी मानली गेली. १८९३ साली नेमलेल्या शाही अफू आयोगाने १८९५ साली अहवाल दिला, त्यातही अफू खाणे आणि ओढणे यांत हा भेद केलेला आढळतो. आयोगाने खाण्याच्या रूढीस सामान्यतः निरुपद्रवी ठरविले आणि त्यामुळे सरकारी महसुलाला धक्का लागला नाही. ओढणारा मात्र समाजाच्या आणि सरकारच्या दोघांच्याही नजरेत कमी प्रतीचा राहिला. ज्या कृतीला प्रतिष्ठा नाही तिच्या साधनांवर कारागिरी होत नाही. आणि ज्यावर कारागिरी नाही ते संग्राहक उचलत नाही.

दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. भारतात अफू ज्या वस्तूंमधून घडली त्या उत्पादनाच्या वस्तू होत्या. बोंडाला चीर देण्याचे बारीक अवजार, चीक खरवडून घेण्याची पट्टी, तो साठविण्याचे भांडे, तागडी, पेटी, परवाना : या वस्तूंना नक्षी नव्हती. शेतकऱ्याचे अवजार झिजेपर्यंत वापरले जाते आणि मग मोडीत जाते. मध्य प्रदेशातील मंदसौर-नीमच भागात केंद्र सरकारच्या परवान्याने आजही अफूची शेती होते आणि बोंडाला चीर देण्याचे काम हातानेच चालते. पण त्या अवजाराला पुराणवस्तूच्या बाजारात भाव नाही. सिडनी मिंट्झ यांनी १९८५ साली साखरेविषयी लिहिताना दाखविले की, युरोपीय माणसाच्या चहाच्या पेल्यातील गोडवा आणि कॅरिबियन मळ्यांतील गुलामी ही एकाच इतिहासाची दोन अंगे आहेत. अफूच्या बाबतीत चिनी तबक आणि माळव्यातील शेत यांचे नाते असेच आहे. संग्रहाच्या शास्त्राने मात्र पहिल्याला कपाट दिले आणि दुसऱ्याला मोडीत काढले.

वऱ्हाडापुरते बोलावयाचे तर अफूची नोंद कलेच्या इतिहासात न सापडता महसुलाच्या कागदांत सापडते. ब्रिटिश काळातील अकोला (१९१०) आणि अमरावती (१९११) या जिल्ह्यांच्या गॅझेटियरांत दारू, गांजा आणि अफू यांचा विचार अबकारीच्या सदरात होतो. वापरणाऱ्याचा चेहरा, त्याच्या हातातील चिलीम, घरातील बाईचे हाल यांना त्या सदरात जागा नसते. संग्राहकाच्या पुस्तकात वस्तू आहे आणि माल नाही. गॅझेटियरात माल आहे आणि माणूस नाही.

६. केळकर संग्रहालय : एक वेगळा आदर्श

संग्राहकाची दृष्टी नेहमीच अशी अपुरी असते काय? महाराष्ट्रातील एक उदाहरण याचे वेगळे उत्तर देते. डॉ. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे कवी होते. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमविण्यास आरंभ केला आणि आयुष्यभर ते काम चालविले. अल्पवयात वारलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी पुण्यात संग्रहालय उभारले आणि तो सर्व संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. वीस हजारांहून अधिक वस्तूंच्या या संग्रहात दिवे आहेत, अडकित्ते आहेत, हुक्के आहेत, दौती आहेत, स्वयंपाकाची भांडी आहेत.

मार्टिन आणि केळकर यांच्या संग्रहांत एक साम्य आहे. दोघांनीही दरबारी कलेपेक्षा हाताळणीतील वस्तूंना महत्त्व दिले. पण भेद अधिक बोलका आहे. केळकरांच्या संग्रहात अडकित्ता दिव्याच्या आणि भांड्यांच्या सोबतीने येतो. म्हणजे शौकाची वस्तू घराच्या संदर्भातून तुटत नाही. पान खाणारा, पान लावून देणारी, भांडे घासणारी, दिवा उजळणारी अशी सर्व माणसे त्या वस्तूंच्या सान्निध्यात जाणवत राहतात. अफूच्या साधनांच्या संग्रहात तबक हेच संपूर्ण विश्व असते. त्याच्या कडेबाहेर घर नसते. म्हणून एक संग्रह समाजाचे चित्र देतो आणि दुसरा एका शौकाचे. मात्र केळकर संग्रहालयालाही एक प्रश्न विचारावयास हवा. नक्षीदार अडकित्ता जपला जातो, साधा लोखंडी अडकित्ता त्याच आस्थेने जपला जाईल काय? सुंदर वस्तूची निवड होताच गरिबाची वस्तू मागे पडते, हा धोका येथेही पूर्णपणे टळलेला नाही.

७. वऱ्हाडाच्या दृष्टीने

वऱ्हाडाला या चर्चेत स्वतःची अशी एक जागा आहे. हा कापसाचा मुलूख आहे. रेल्वे येण्यापूर्वी अमरावतीचा कापूस बैलांवर लादून शेकडो मैल दूर मिर्झापूरकडे जाई. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–१८६५) वऱ्हाडी कापसाला अपूर्व मागणी आली आणि त्याच दशकात रेल्वेने हा प्रदेश मुंबईशी जोडला. कच्चा माल येथून जातो, त्याचे वैभव इतरत्र दिसते आणि पिकविणाऱ्याची अवजारे मोडीत जातात, हा अनुभव येथील वाचकाला पुस्तकातून शिकावा लागत नाही. म्हणूनच चिनी नळीच्या छायाचित्राकडे पाहताना माळव्यातील शेताची आठवण त्याला प्रथम व्हावी, अशी अपेक्षा करता येते.

दुसरा मुद्दा अधिक निकडीचा आहे. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली, त्यांत अमरावती व अकोला होते. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या चर्चेत मृताच्या व्यसनाचा उल्लेख वारंवार होतो आणि अनेकदा तो उल्लेख कर्जाची व भावाची चर्चा थांबविण्यासाठी केला जातो. व्यसन खरे असू शकते; त्याने घरे उद्ध्वस्त होतात, हेही खरे आहे. पण व्यसनी माणसाला एकटा काढून दाखविला की त्याच्याभोवतीची पेठ अदृश्य होते. अफूच्या इतिहासात नेमके हेच घडले. नळी ओढणारा चिनी माणूस दुर्बलतेचे प्रतीक ठरला आणि पेट्या भरणारी व्यवस्था प्रतिष्ठित राहिली. संग्राहकाच्या तबकावरची मांडणी आणि व्यसनी शेतकऱ्याविषयीचा सोयीचा निवाडा यांत दृष्टीचा दोष एकच आहे. दोन्हीकडे वस्तू आणि तिचा वापर करणारा दिसतो, पण तेथवर तिला आणणारी वाट दिसत नाही.

या प्रदेशाच्या संतपरंपरेने वस्तूंचा वेगळा पाठ दिला आहे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांच्या (१८७६–१९५६) वडिलांचा अंत दारूच्या व्यसनामुळे झाला. बाबांनी हातात घेतलेल्या वस्तू दोनच : गाडगे आणि खराटा. त्यांवर नक्षी नाही, पण त्यांचे चरित्र संपूर्ण आहे. ती कशासाठी होती, कोणी वापरली आणि कोणासाठी वापरली, हे सर्वांना ठाऊक आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनीही (१९०९–१९६८) व्यसनमुक्तीचा विचार केवळ उपदेश म्हणून मांडला नाही. गावाच्या एकूण व्यवस्थेशी त्यांनी त्याचा संबंध जोडला. व्यसनी माणसाला त्याच्या गावासह पाहण्याची ही दृष्टी वऱ्हाडाची स्वतःची आहे आणि वस्तूंच्या अभ्यासातही ती उपयोगी पडणारी आहे.

ग्रामीण भागातील महाविद्यालयांना यातून एक काम हाती घेता येईल. चंची, चुन्याची डबी, साधा अडकित्ता, चिलीम आणि तिची छापी, तपकिरीची डबी या वस्तू वऱ्हाडातील घरांतून झपाट्याने नाहीशा होत आहेत. त्यांच्या जागी खर्ऱ्याची प्लास्टिकची पन्नी आली आहे, जी कोणीच जपणार नाही. इतिहास, मराठी, समाजशास्त्र आणि अर्थशास्त्र या विभागांनी मिळून या वस्तूंचा लहानसा संग्रह केल्यास तो आंतरविद्याशाखीय अभ्यासाचा उत्तम पाया ठरेल. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंच्या बाबतीत १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायद्यातील तरतुदी पाहाव्या लागतील. परंतु कायद्याइतकाच नोंदवहीचा प्रश्न महत्त्वाचा आहे. प्रत्येक वस्तूच्या नोंदीत घडविणारा, वापरणारा, तिच्यात भरला जाणारा माल, त्या मालाचा पुरवठादार आणि घरावर झालेला परिणाम, असे पाच रकाने असावेत. पन्नीचीही नोंद त्याच वहीत व्हावी. विद्यार्थ्यांपैकी अनेकांना शेवटचा रकाना भरताना कोणाला विचारावे लागणार नाही.

८. समारोप

स्टीव्हन मार्टिन यांच्या पुस्तकांनी एका नष्टप्राय वस्तुविश्वाचे ज्ञान टिकविले आहे आणि संग्राहकाच्या मोहाची किंमतही प्रांजळपणे सांगितली आहे. त्यांचे हे कार्य मान्य करूनही असे म्हणावे लागते की, त्यांच्या विवेचनात नळीचे एकच टोक उजेडात येते. वाटीच्या मातीचा उगम शोधणाऱ्या शास्त्राने वाटीतील अफूचाही उगम शोधला, तर त्याला इंदूर-उज्जैनची पेठ, मुंबईचे बंदर आणि तेथील दानशूर घराणी यांच्यापर्यंत यावे लागेल. त्या शोधात सौंदर्य नाकारण्याचे कारण नाही. यिशिंगच्या कारागिराचा हात कुशल होता आणि तो तसाच मानला पाहिजे. प्रश्न एवढाच आहे की, कपाटात कोणाच्या हाताला जागा मिळते. चीर देणाऱ्याचे झिजलेले अवजार जोवर त्या तबकाशेजारी ठेवले जात नाही, तोवर संग्रह अपुरा आहे. ते ठेवण्याची सुरुवात वऱ्हाडातील एखाद्या महाविद्यालयाच्या साध्या कपाटातूनही होऊ शकते.